बुटातलं इंग्रजी

फोनवरचा माणूस इतकं गुळगुळीत इंग्रजी बोलत होता की इन्स्पेक्टर बाईंना वाटलं, कुणीतरी विमा विकतंय.

"वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू," त्याने सुरुवात केली. पुढे 'अनफॉर्च्युनेट इन्सिडेंट' आला, 'व्हॅल्यूड कलीग' आला. झालं काय, ते मात्र येईना. बाई ओरडल्या तेव्हा तो दचकून आपल्या भाषेवर आला.

"अहो, माणूस मेलाय. लिफ्टखाली सापडून."

"मग एवढं दळण कशाला दळत होता?" म्हणत बाईंनी फोन आपटला.

बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तो हाताखालच्या माणसांवर सहसा निघत नसे, म्हणून ठाणं त्यांना सांभाळून घेत असे. हवालदाराने काही न विचारता गाडी काढली.

गोदाम सात मजली होतं. मालक परदेशात, माल जगभरचा, कामगार चार मुलखांतून आलेले. वायरलेसवर इंग्रजीतच बोलायचं, असा नियम होता. इमारतीच्या मधोमध मालाची लिफ्ट होती. ती वरच्या मजल्यावर अडकली, म्हणून मेकॅनिक तळमजल्याच्या दारातून तिच्या शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वरखाली होते त्या उभ्या पोकळीत, शिरला. तो आत असतानाच लिफ्ट सुरू झाली आणि खाली आली.

मेकॅनिकला सगळे दादा म्हणायचे. थोराड हाडाचा, पस्तिशीतला माणूस. त्याच्यावर कुणीतरी चादर घातली होती आणि ती तोकडी पडली होती. बाईंनी हवालदाराला दुसरी आणायला पाठवलं.

लिफ्टचं बटण कंट्रोल रूममध्ये होतं. तिथे बसायची ती दादाची सख्खी बहीण. तिला गोदामात धाकटी हेच नाव पडलं होतं. ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती, जणू ते हात तिचे नव्हतेच.

"बटण कुणी दाबलं?" बाईंनी विचारलं.

"मी."

"भाऊ आत आहे, हे माहीत होतं?"

"होतं. जाताना त्यानेच सांगितलं, वायरलेसवर."

"काय म्हणाला?"

"गोइंग इन, छोटी. डोन्ट ईट विदाउट मी." तिने ते भावाच्याच सुरात म्हटलं.

"मग दाबलंस कशाला?"

"शिफ्ट मॅनेजर सरांनी सांगितलं. ही इज आउट, गो, गो. तो बाहेर आलाय, चालू कर म्हणाले. दादा बाहेर आलाय की नाही हे त्यांनीच बघायचं असतं. मी 'डन बॉस' म्हटलं आणि दाबलं."

"हे आणखी कुणी ऐकलं?"

"नाही. चॅनल दोनवर होतं. तो तीनच सेटवर लागतो. सरांच्या, माझ्या आणि..." तिने खाली बघितलं. तिसरा सेट चादरीखाली होता.

शिफ्ट मॅनेजर आपल्या केबिनमध्ये होता. चाळिशीचा, शर्टाची इस्त्री अजून जशीच्या तशी. त्याचे डोळे लाल झाले होते.

"काय सांगू मॅडम, डोकं चालत नाहीये बघा. दादा म्हणजे आपला यारच. आणि ती पोरगी, माझ्या लेकीसारखी हो. पण मी तिला चालू कर म्हटलंच नाही. उलट सांगितलं, हात लावू नकोस म्हणून."

बाईंनी मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "हे रेकॉर्ड करते. चालेल ना?"

त्याने कॉलरचं बटण लावलं आणि ताठ बसला. "आय विश टु स्टेट," तो म्हणाला, "दॅट आय वॉज स्टँडिंग अॅट द लोडिंग डॉक थ्रूआउट. आय इश्यूड अ क्लिअर वॉर्निंग टु द ऑपरेटर." इंग्रजी कुणी मागितलं नव्हतं. ठाण्यात फोन करणारा माणूस कोण, ते बाईंना आता कळलं.

"म्हणजे तुम्ही मालाच्या धक्क्यावर उभे होतात. तिथून शाफ्टचं दार दिसतं?"

"पार्शियली व्हिजिबल, मॅडम."

बाईंनी रेकॉर्डिंग बंद केलं. त्याचे खांदे खाली आले.

"सुटलो बुवा. अहो, सकाळपासून बूड टेकायला मिळालं नव्हतं, इतक्या गाड्या लागलेल्या. चहा मागवू का?"

"नको," बाई म्हणाल्या. त्यांना या माणसाचा राग आला होता. का, ते अजून नीट कळत नव्हतं, आणि त्यामुळे तो जास्तच येत होता.

बाहेर पडताना त्या एका खोलीपाशी थांबल्या. आत नव्याने लागलेले कामगार रांगेत उभे होते आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून मॅनेजरचाच आवाज येत होता. "काइंडली रिमेन अॅट युवर स्टेशन. प्लीज अक्नॉलेज." कृपया आपली जागा सोडू नये, समजल्याचं कळवावं. मग खुर्ची कुरकुरल्याचा आवाज आला, थोडी जागा कोरी सुटली, आणि सगळे एका दमात म्हणाले, "अक्नॉलेज्ड, सर."

"माणूस मेला तरी शाळा चालूच," बाई म्हणाल्या.

"रोजची वेळ आहे, मॅडम," दारातला माणूस म्हणाला. "सरांनीच रेकॉर्ड केलेत सगळे धडे. घरी बसून करतात. फार मेहनत घेतात हो."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतःच ठाण्यात आला. सोबत पेन ड्राइव्ह आणला होता. चॅनल दोनही रेकॉर्ड होतो, मालकांनी परस्पर यंत्र बसवलं होतं, हे हेड ऑफिसने कालच कळवलं, असं तो म्हणाला.

"आधी कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. मलाही नाही, मॅडम. मी तर चाटच पडलो."

हवालदाराने रेकॉर्डिंग लावलं. आधी दादाचा आवाज आला, जेवायला थांब म्हणणारा. मग वायरलेसची खरखर, आणि मॅनेजर. "काइंडली डू नॉट स्टार्ट द लिफ्ट अनटिल फर्दर इन्स्ट्रक्शन. प्लीज अक्नॉलेज." पुढची सूचना मिळेपर्यंत लिफ्ट कृपया सुरू करू नये. लगेच काहीतरी बारीकसं कुरकुरलं. मग धाकटीचा आवाज, हसरा, झटपट: "डन बॉस." आणि त्यानंतर लिफ्टची घरघर.

आवाज तिचाच होता.

"सावध केलं होतं, मॅडम," मॅनेजर हळूच म्हणाला. "पण पोरं ऐकतात कुठे. मी काल तिच्या आईलाही ऐकवलं. म्हटलं, त्यांना खरं कळलं पाहिजे."

"काय केलंत?" बाई उठल्या. "पोरगा जाऊन दिवस नाही झाला आणि तुम्ही त्या बाईच्या घरी जाऊन हे वाजवलंत? पोलिसांच्या आधी?"

"माणुसकी म्हणून, मॅडम."

बाईंनी त्याला दार दाखवलं. नाहीतर हातातला पेपरवेट कुठे गेला असता ते सांगता येत नाही.

आईचं घर गोदामाच्या मागच्या गल्लीत होतं. दारात दादाचे कामावरचे बूट तसेच होते, ग्रीस लागलेले. आईने बाईंना बसायला सांगितलं, पण स्वतः बसली नाही.

"लेक कुठे आहे तुमची?"

"मला लेक नाही."

"आई, ती म्हणते..."

"ती काय म्हणते ते मी ऐकलंय," आई म्हणाली. "इंग्रजी कळत नाही मला. पण हसून बोललेलं कळतं. भाऊ खाली मरतोय आणि ही हसते. गोदामातल्या मावशीकडे राहिलीय म्हणे. तिकडेच राहू दे. या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही तिने."

बाई गाडीत येऊन बसल्या तोच वरिष्ठांचा फोन आला. पुरावा स्पष्ट आहे, मुलीला आजच अटक करा, गोदामाचे मालक विचारताहेत. बाई "हो सर" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर जे म्हणाल्या ते हवालदाराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"कुठे घेऊ, मॅडम? मुलीकडे?"

"मुलीकडेच. पण आधी त्या मावशीशी बोलू."

मावशी घरीच होत्या. गोदामात पॅकिंगला असायच्या. खोकी बांधून हाताची कातडी राठ झालेली, तोंड मात्र तिखट. धाकटी आतल्या खोलीत होती. बाईंनी मावशींना 'डन बॉस' ऐकवलं, आधीच्या वाक्यासकट.

मावशींनी मान हलवली. "हे असं होणंच नाही."

"आवाज तिचाच आहे, मावशी."

"असेल. पण हे उत्तर या वाक्याला नाही." त्यांनी पदराने घाम टिपला. "आमच्याकडे दोन इंग्रजी आहेत, बाई. एक चपलेतलं. ओके, यार, डन बॉस, गो गो. चॅनल दोनवर तेच, सरांचंसुद्धा. दुसरं बुटातलं. चॅनल एकवर, मालक ऐकतात तिथे. काइंडली आणि प्लीज आणि काय काय. आणि सर बुटात शिरले की आम्हीही त्याच क्षणी शिरायचं. जिथे असू तिथे उभं राहून. बुटातल्या वाक्याला चपलेतलं उत्तर दिलं तर काय होतं, ते धाकटीला विचारा."

"तुम्हीच सांगा."

"नवी होती तेव्हा चुकून 'ओके ओके' म्हणाली. सरांनी तिला कँटीनमध्ये खुर्चीवर उभं केलं, सगळ्यांसमोर. अक्नॉलेज्ड सर, अक्नॉलेज्ड सर. घसा बसेपर्यंत म्हणायला लावलं. दादा धावून गेला होता, आम्ही चौघींनी धरला. तेव्हापासून पोरीच्या हाडात भरलंय ते. मारलं तरी चुकायची नाही."

बाई आतल्या खोलीत गेल्या. धाकटी भिंतीला टेकून बसली होती. समोर ताट होतं, भात वाळून गेला होता. बाई दारातच थांबल्या आणि अचानक, कोरड्या आवाजात म्हणाल्या, "काइंडली हँड ओव्हर युवर आयडेंटिटी कार्ड."

पोरगी ताडकन उभी राहिली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, पण पाय जुळलेले. "अक्नॉलेज्ड, मॅडम," ती म्हणाली, आणि तिचा हात गळ्यातलं कार्ड शोधू लागला.

"बस खाली, पोरी," बाई म्हणाल्या. एखाद्या माणसाला असं शिकवून ठेवायचं, आणि वर त्याला मेहनत म्हणायचं. आता कुणाचा राग आला होता ते त्यांना पुरतं कळलं, आणि पेन ड्राइव्हमधलं ते बारीकसं कुरकुरणं आपण आधी कुठे ऐकलंय, तेही आठवलं.

संध्याकाळी गोदामातल्या त्या शिकवणीच्या खोलीत बाकं मांडली होती. मॅनेजर पुढे बसला. मावशी होत्या. धाकटी हवालदाराजवळ उभी होती. आईला बाईंनी स्वतः जाऊन आणलं होतं. ती दाराशी बसली, लेकीकडे पाठ करून.

"अटकेची कारवाई इथे?" मॅनेजरने विचारलं.

"इथेच. आधी दोन प्रश्न. पेन ड्राइव्हमधलं चॅनल दोनचं कालचं सबंध रेकॉर्डिंग ऐकलं मी. दिवसभर तुम्ही यार, गो, कम ऑन असंच बोलताय. एकच वाक्य बुटातलं. का?"

त्याने कॉलर सारखी केली. "जिवाचा प्रश्न होता, मॅडम. गंभीर गोष्ट गंभीर भाषेतच सांगतो आपण."

"पटलं. मग त्या वाक्याला ही 'डन बॉस' म्हणते, आणि तुम्ही गप्प? खुर्चीवर उभं करणारे तुम्ही?"

"तेव्हा घाई होती हो."

"घाई होती, हे खरं," बाई म्हणाल्या. "आता तुमच्या सवयीबद्दल सांगते. काल तुम्ही माझ्याशी साधं बोलत होता. मी यंत्र ठेवलं आणि तुम्ही बूट चढवले. यंत्र उचललं, बूट काढले. रेकॉर्ड होतंय हे कळलं की तुम्हाला चपलेतलं बोलताच येत नाही. मग कुणालाच माहीत नसलेल्या यंत्रासमोर तुम्ही बूट कसे घातले?"

"म्हटलं ना, मला माहीत नव्हतं..."

"मी हेड ऑफिसला विचारलं. यंत्र तुम्ही मागून घेतलंत, आणि ते तुमच्याच ताब्यात असतं. पोरं चॅनल दोनवर तुमच्याबद्दल काय बोलतात ते ऐकायला. स्वतः बोलताना ते तुमच्या ध्यानातही नसायचं, पुरावा करायची वेळ आली तेव्हा आठवलं."

मावशींनी तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. ती सगळ्यांना ऐकू गेली.

"दुसरी गोष्ट," बाई म्हणाल्या. "तुम्ही धक्क्यावर उभे होतात. बूड टेकायला मिळालं नव्हतं. मग त्या वाक्यानंतर खुर्ची कुणाची कुरकुरली? हवालदार, धडा लावा. सुरक्षेचा."

भिंतीवरच्या स्पीकरमधून मॅनेजरचा आवाज आला. काइंडली डू नॉट स्टार्ट द लिफ्ट अनटिल फर्दर इन्स्ट्रक्शन. प्लीज अक्नॉलेज. कुर्र. मग उत्तरासाठी सोडलेली कोरी जागा. हवालदाराने लगेच पेन ड्राइव्हमधलं लावलं. तेच वाक्य, मधे तोच श्वास, तेच कुर्र. खरखर तेवढी जास्त होती.

"घरच्या खुर्चीत बसून धडे रेकॉर्ड करता तुम्ही. वाक्य संपलं की मागे टेकता," बाई म्हणाल्या. "माणूस एकच वाक्य दोनदा बोलला तर श्वास इकडेतिकडे होतो. हे बोललेलं नाही, चिकटवलेलं आहे. झालं ते असं. गाड्या खोळंबल्या होत्या. शाफ्टच्या दाराशी तुम्हाला कामगारांच्या निळ्या कपड्यातलं कुणीतरी दिसलं असेल. चार पावलं टाकून बघायचं होतं, ते बघितलं नाहीत. चॅनल दोनवर म्हणालात, ही इज आउट, गो, गो. हिने भरवसा ठेवला. साहेब सांगताहेत, भाऊ बाहेर आलाय, आता दोघं जेवायला बसणार. म्हणून ती हसली."

दाराशी बसलेल्या आईने पहिल्यांदा मान वळवली.

"मग तुम्ही आपलं वाक्य कापून काढलंत," बाई म्हणाल्या, "आणि तिथे धड्यातलं लावलंत. तिचं हसू मात्र ठेवलंत. तेच तर दाखवायचं होतं ना सगळ्यांना. पण चपलेतलं वाक्य काढून चपलेतलंच घालावं, हे तुम्हाला सुचलंच नाही. पुरावा म्हटल्यावर तुमच्या डोक्यात एकच भाषा येते."

"नवं बोलून बघितलं मी," मॅनेजर म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "आवाज थरथरत होता. जमेना. धड्यात होतं तयार." मग त्याने एकदम वर बघितलं. "ताई, अहो, चूक झाली. मुद्दाम थोडंच केलं? दादा यार होता माझा. जरा समजून घ्या ना."

"माणूस मेला ती चूक," बाई म्हणाल्या. "त्यानंतर त्याच्या आईच्या घरी जाऊन हे वाजवलंत, ती चूक नव्हे. तो चोरीपेक्षा हलकट धंदा आहे. आणि मला ताई म्हणू नका. हवालदार, न्या यांना."

हवालदाराने त्याचा दंड धरला. बाईंचा राग काही उतरला नव्हता. दादा परत येणार नव्हता, आणि उद्या या खोलीत दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात धडे चालूच राहणार होते. त्यांनी भिंतीवरच्या स्पीकरची वायर उपटून काढली. त्याचा काही उपयोग नव्हता, तरी काढली.

धाकटी अजून भिंतीशी पाय जुळवून उभी होती. आई उठली आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मारते की काय, असं मावशींना वाटलं.

"आत जाताना तो काहीतरी म्हणाला होता तुला," आई म्हणाली. "त्या माणसाने ऐकवलं तेव्हा आधी त्याचाच आवाज होता. मला कळलं नाही. काय म्हणाला?"

"गोइंग इन, छोटी..."

"आपल्या भाषेत सांग."

धाकटीने जुळवलेले पाय सैल केले.

"म्हणाला, आत जातोय गं छोटे. माझ्याशिवाय जेवू नकोस."

आईने तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. बटण दाबलेला हात कोणता, ते तिने विचारलं नाही.

"म्हणून कालपासून जेवली नाहीस," ती म्हणाली. "चल घरी."